मामांसाठी मारलेली फेरी

माझ्या जिभेला हाड नाही, हा निकाल आमच्या घरात मी शाळेत जायच्या आधीच लागला होता. वैजापूरला आमची कांद्याची आणि कपाशीची शेती. अण्णा, म्हणजे माझे वडील, भावकीत कुणापुढं आवाज न चढवणारे. आणि त्यांची ही पोरगी लग्नाच्या पंगतीत आजोबांच्या वयाच्या माणसाला "तुम्ही खोटं बोलायलात" असं तोंडावर सांगून मोकळी! आई कपाळाला हात लावायची. "हिला कोण नांदवून घेणार गं बाई," असं शेजारणीला सांगताना तिच्या आवाजात काळजी असायची आणि थोडी मजाही असायची. मी हुज्जत घालते ती जिंकायला नाही. डोळ्यांसमोर चुकीचं चाललेलं दिसलं की माझं तोंड उघडतं आणि सगळं बोलल्याशिवाय ते थांबत नाही. अजूनही थांबत नाही.

असल्या बाईनं विमान उडवायचं मनावर घेतलं. ते कसं जमलं ती वेगळी कहाणी आहे, तिच्यात अण्णांची जिद्द जास्त आणि माझी हुशारी कमी. सांगायचं आहे ते त्या दिवसाचं, ज्या दिवशी हे सगळं एकतर माझ्या पदरात पडणार होतं नाहीतर पाण्यात जाणार होतं.

प्रशिक्षण संपत आलं होतं. शेवटी एक तपासणीचं उड्डाण असतं. नेहमीचं विमान, नेहमीचे प्रवासी, फक्त डावीकडं कॅप्टनच्या जागेवर एक ज्येष्ठ परीक्षक बसतात आणि उजवीकडं तुम्ही. ते तुमचा प्रत्येक हात, प्रत्येक शब्द बघतात. त्यांनी सही केली की तुम्ही पक्के को-पायलट. आमच्या कंपनीत तेव्हा शिकाऊ जास्त आणि जागा कमी झाल्या होत्या. यात नापास होईल त्यानं दुसरी नोकरी बघावी, असं आम्हाला साफ सांगितलं होतं. माझ्यासाठी दुसरी नोकरी म्हणजे वैजापूर, आणि चुलत्यांनी आधीच बघून ठेवलेलं स्थळ. मुलगा चांगला होता म्हणे. असेल बापडा.

त्यातून माझ्यावर आधीच शेरा होता. शिकवणाऱ्या एकदोन कॅप्टननी म्हटलं होतं, "विमान छान उडवते, पण फार बोलते. मोठ्यांचं ऐकून घ्यायला शिकायला हवं." म्हणजे वैजापूरची तक्रार विमानात बसून माझ्या आधीच मुंबईला पोचली होती.

आणि उड्डाण कुठलं मिळावं? मुंबईहून आमच्याच जिल्ह्याच्या गावाला. तेव्हा आम्ही सगळे औरंगाबादच म्हणायचो, आता छत्रपती संभाजीनगर. मी आईला फोनवर सांगितलं, आईनं लगेच तिच्या भावाला. मामांचं गाव विमानतळाच्या कुंपणाला लागूनच आहे. दारात दुभत्या म्हशी, आणि विमानतळाच्या आतलं गवत कापून न्यायची परवानगी त्यांनी बरीच वर्षं मिळवलेली. गळ्यात ओळखपत्र घालून ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आत जायचं, नेमून दिलेल्या पट्ट्यातलं गवत कापायचं आणि बाहेर पडायचं. त्या वर्षी पावसानं मधेच दडी मारली होती. रानात चारा नव्हता, पण विमानतळाच्या आत ना गुरं ना ढोरं, त्यामुळं तिथं गवत मांडीएवढं उभं होतं. मामांच्या म्हशी त्या गवतावर तगून होत्या.

आदल्या दिवशी मामांचा फोन आला.

"कोन्त्या अंगानं येशील गं?"

"वाळूजच्या अंगानं, मामा. शहरावरून."

"आन् चाकं कुठं टेकतेत?"

"सुरुवातीलाच. मोठे पांढरे पट्टे मारलेत बघा, तिथं."

"हां, हां. म्हाईत हाय मला ते. बरं, झोप आता. सकाळी डोकं शांत ठेव."

मला काय ठाऊक ते कशाची चौकशी करतायत! मी आपली कौतुकानं सगळं सांगत बसले.

आता जरा धंद्याचं बोलते, म्हणजे पुढचं नीट कळेल. लोक मला हमखास विचारतात, "हल्ली विमान आपोआप उतरतं ना?" माझं डोकं फिरतं. अहो, आपोआप भाजी करपते. विमान उतरवावं लागतं. ऑटोपायलट असतो, तो फार कामाचा असतो, पण तो हुकमाचा ताबेदार आहे, त्याला अक्कल नाही. धावपट्टीच्या कडेला, चाकं टेकायच्या जागेच्या समोर, एक मनोरा असतो आणि त्याच्या पायथ्याशी पांढरी खोली. तो मनोरा आभाळात एक तिरपी, न दिसणारी वाट सोडतो. ऑटोपायलट ती वाट पकडतो आणि तिच्यावरून विमान खाली आणतो. वाट सरळ असेल तर विमान सरळ येतं. कशानंही ती वाट वाकली, तर हा पठ्ठ्या तिच्यामागं इमानदारीत वाकडा जातो. खाली जमीन आहे की जिना, त्याला घेणं नाही.

म्हणून नियम आहेत. ऑटोपायलट लावलेला असला तरी हात कंट्रोलवरून काढायचा नाही. हजार फुटांच्या खाली विमान वाटेवर, ठरल्या वेगात आणि स्थिर असलंच पाहिजे, नसेल तर उतरायचा विचार सोडून वर जायचं. जमीन जवळ असताना ऑटोपायलटनं न सांगितलेलं काही केलं, तर अंगठ्याखालचं लाल बटण दाबून विमान आपल्या हातात घ्यायचं. तो पुन्हा लावून बघायचा नाही. असं का झालं याचा विचार तर मुळीच करायचा नाही, कारण विचार करायला वेळ लागतो आणि तेवढ्यात जमीन वर येते. दोघांपैकी कुणीही, अगदी कालची पोरगीसुद्धा, "गो-अराउंड" म्हणाली की जायचं वर. त्यावर चर्चा नाही, मानापमान नाही. आणि लगेच खाली टॉवरला, म्हणजे विमानतळावरून विमानांना सूचना देणाऱ्यांना, कळवायचं, म्हणजे मागून येणारा सावध होतो. हे नियम मला जपासारखे पाठ होते. सगळ्यांनाच असतात. पाठ असणं आणि बाजूला दुप्पट वयाचा माणूस बसलेला असताना पाळणं यांत लई फरक आहे.

माझे परीक्षक पुण्याचे होते. करड्या मिशा, कडक इस्त्री, बोलणं मोजकं. विमानात आमचं कामाचं बोलणं सगळं इंग्रजीत होतं, पण मला ते मराठीतच आठवतं, म्हणून मराठीतच सांगते. मुंबईपासून माझं सगळं ठाकठीक चाललं होतं. एकदोनदा त्यांनी मान हलवली. माझ्या मनात लाडू फुटायला लागले.

स्वच्छ सकाळ होती. डावीकडं दौलताबादचा किल्ला, उजवीकडं लांब आमच्या इथल्या सातारा गावाचे डोंगर, समोर आपलं शहर उन्हात पसरलेलं. बघतच राहावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण डोळे काट्यांवर होते. विमान मी उडवत होते, म्हणजे ऑटोपायलट उडवत होता आणि माझे हात त्याच्यावर पहारा देत होते. वाट पकडली. चाकं खाली. हजार फूट. कॅप्टन म्हणाले, "स्थिर." मी म्हटलं, "स्थिर."

आणि मग विमानानं नाक खाली घातलं.

हळूच नाही, चांगलं जोरात खाली. वाट दाखवणारा काटा खाली सरकला होता आणि ऑटोपायलट त्याच्यामागं धावत होता. वेग वाढायला लागला. धावपट्टीच्या कडेला चार दिवे असतात. उतार बरोबर असेल तर दोन पांढरे दोन लाल दिसतात, फार खाली आलात की सगळे लाल होतात. माझ्या डोळ्यांदेखत तिसरा दिवा लाल झाला. खाली गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे दिसत होते.

"सर, वाट चुकतीये."

"थांब," कॅप्टन म्हणाले. "घाई करू नकोस. धरेल तो परत."

त्या एका 'थांब'मध्ये काय काय होतं ते मी सांगू शकत नाही. त्यात त्यांची सगळी वर्षं होती, माझ्यावरचा शेरा होता, सही होती, वैजापूर होतं. आणि समोर चौथा दिवा गुलाबी पडायला लागला होता.

"नाही सर," मी म्हटलं, आणि लाल बटण दाबलं. ऑटोपायलट सुटल्याची घंटा कोकलली. "गो-अराउंड!" थ्रॉटल पुढं ढकलले, नाक वर घेतलं. इंजिनं अशी गरजली की सगळं विमान थरारलं, आणि आम्ही उतरायला आलो होतो ती धावपट्टी खाली टाकून वर निघालो.

चाकं वर घेणं, पंखांचे पडदे आवरणं, वेग वाचून सांगणं, कॅप्टननी आपल्या वाट्याचं सगळं जिथल्या तिथं केलं. माणूस रागानं लाल झाला होता, तरी हात चुकले नाहीत. हे त्यांच्याबद्दल सांगायलाच पाहिजे.

मी टॉवरला कळवलं की उतरणीचा सिग्नल आम्हाला भलतीकडं नेत होता, मागच्यांना सांगा. मग शेंद्रा, करमाडवरून मोठा वळसा घेतला. प्रवाशांना कॅप्टननी दोन गोड वाक्यं ऐकवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आता काय करणार आहेस?"

"हातानं उतरवते सर. दिव्यांवर. त्या सिग्नलवर भरवसा नाही माझा."

"उतरव," ते म्हणाले. स्वरात बर्फ.

आणि मी उतरवलं! दोन पांढरे, दोन लाल, शेवटपर्यंत. ऑटोपायलट नाही, वाट दाखवणारा काटा नाही, फक्त माझे दोन हात, दोन डोळे आणि समोरची पट्टी. चाकं इतकी अलगद टेकली की मलाच कळायला क्षण लागला. माझ्या आयुष्यातलं पहिलं अस्सल सुंदर उतरणं, आणि ते नापास होता होता झालेलं!

चाकं टेकली त्याच क्षणी उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी गुलाबी दिसलं. मनोऱ्यासमोर, पांढऱ्या खोलीपाशी, गवतानं भरलेली पत्र्याची मोठी ट्रॉली, आणि गवताच्या ढिगावर उभा राहून दोन्ही हात हलवणारा एक माणूस. डोक्यावर गुलाबी फेटा. आमच्या मामांचा तो फेटा घरच्या लग्नातच निघतो. 'अगं बाई, मामा!' एवढंच मनात आलं, आणि मी ब्रेककडं वळले. तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही.

विमान उभं राहिलं, प्रवासी उतरले. मग कॅप्टननी तोंड उघडलं.

"मी थांब म्हणालो होतो."

"हो सर."

"या विमानाचा कमांडर कोण आहे?"

"तुम्ही, सर. पण नियम..."

"मला नियम शिकवू नकोस. तुझ्या जन्माच्या आधीपासून उडवतोय मी. एवढासा धक्का बसला आणि तू घाबरून पळालीस."

घाबरून? माझ्या कानातून वाफा निघायच्या बाकी राहिल्या. पण मी दात आवळून गप्प बसले. आयुष्यात प्रथमच, आणि नको तिथं.

विमान तपासल्याशिवाय परत उडणार नव्हतं. आमच्या इंजिनियरनं ऑटोपायलटच्या सगळ्या चाचण्या केल्या. दोष नाही. विमानतळाचे तंत्रज्ञ मनोऱ्यापाशी जाऊन आले. सिग्नल चोख, वाट सरळ. कॅप्टन विश्रामाच्या खोलीत चहा ढवळत म्हणाले, "विमान ठीक, सिग्नल ठीक. मग बिघाड कुणात होता? वाईट वाटून घेऊ नकोस. सगळ्यांनाच हे काम जमतं असं नाही. मी तसं लिहीन."

झालं. मी उठले आणि बाहेर पडले, कारण तिथं बसले असते तर कप फोडला असता.

बाहेर गाड्या लावायच्या जागेत मामा उभे. फेटा, नवी बंडी, हातात पेढ्यांचा पुडा, आणि तोंड दसऱ्याच्या झेंडूसारखं फुललेलं. मला बघताच धावत आले, पेढा तोंडात कोंबला.

"लई भारी! लई म्हंजे लईच भारी! आन् काय गं, दोनदा दाखवलंस की इमान!"

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे! पहिल्यांदा नुसती डोक्यावरून गेलीस, घ्वांय करून! म्या म्हनलं, मामासाठी एक फेरी मारली पोरीनं! सगळ्या गड्यांना सांगितलं, बघा, भाची हाय माझी, मामाला सलामी देऊन गेली!"

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी इथं घरी जायच्या तयारीत, आणि हे सलामी घेऊन बसलेत! आणि हसता हसताच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पेढा घशात अडकला.

"मामा, ट्रॉली कुठं उभी केली होती तुम्ही?"

"त्या पांढऱ्या खोलीम्होरं. आमचा पट्टा लांब हाय, तिथून चाकं दिसत न्हाईत. म्हनलं, तू सांगितलंस ना पांढरे पट्टे, तर जरा म्होरं घ्यावी. आन् आम्ही पट्टीवर न्हाई गेलो बरं का. पट्टीपासून लांबच होतो, चांगले कडंला."

कडेला! हीच तर गोम. सगळ्यांना वाटतं, विमानतळावर धोका तो धावपट्टीवर. तिच्यापासून लांब राहिलं की झालं. मामांनी काळजी घेऊन, धावपट्टीला पाय न लावता, ट्रॉली नेऊन उभी केली ती नेमकी मनोऱ्याच्या तोंडासमोर. एवढा मोठा पत्रा तिथं आला की आभाळातली वाट वाकते. आम्हाला शिकवलं होतं ते. चाकं टेकताना बघायची उत्तम जागा आणि ट्रॉली उभी करायची सगळ्यात वाईट जागा, दोन्ही एकच. आणि तंत्रज्ञ तपासायला गेले तोवर मामा पेढे आणायला निघून गेले होते!

मी तिथंच कठड्यावर बसले. सगळं समजावून सांगितलं. मामांच्या तोंडावरचं हसू उतरत गेलं ते मला बघवेना.

"म्हंजे मी उभा होतो म्हनून इमान खाली गेलं?"

"हो मामा."

"आन् त्यात तू होतीस."

"हो."

ते माझ्याशेजारी कठड्यावर टेकले. फेटा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "आन् आता तुला नापास करायलेत?"

"करू देत," मी म्हटलं. "तुमचं नाव मी घेणार नाही. आत जायचा पास जाईल तुमचा. म्हशींना काय घालाल?"

खरं सांगते, त्या क्षणी मी तसं ठरवलंही होतं. मामा एकदम उखडले. हा तापट गुण मला कुणाकडून आला असेल ते तिथं उभं राहिलेल्या कुणालाही कळलं असतं.

"म्हशी गेल्या खड्ड्यात! येडी का खुळी तू? कसूर माझा, आन् सजा तुला व्हय? ऊठ. कोन हाय तो तुझा साहेब, दाखव मला."

आत जाऊन मामांनी ओळखपत्र गळ्यातून काढलं आणि विमानतळाच्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवलं. कॅप्टन तिथंच होते. "साहेब, ट्रॉली मी नेली. भाची उतरताना बघायची हौस. माझी जागा सोडून नेली. काय करायचं ते मला करा, पोरीला काय बी करू नका." अधिकारी आ वासून बघत राहिले. कॅप्टन म्हणाले, "गवताच्या ट्रॉलीनं विमान खाली जातं?" तंत्रज्ञ हळूच म्हणाले, "गवतानं नाही सर. पत्र्यानं जाऊ शकतं. बघायचं असेल तर बघता येईल. आता बराच वेळ कुठलं विमान नाहीये."

आणि मग भर दुपारी आमच्या विमानतळावर ती जत्रा भरली. टॉवरची परवानगी घेऊन मामा स्वतः ट्रॅक्टर चालवत मनोऱ्यासमोर गेले. फेटा पुन्हा डोक्यावर! तंत्रज्ञ मोजायचं यंत्र घेऊन लांब धावपट्टीच्या तोंडाशी उभे, आम्ही सगळे त्यांच्याभोवती. ट्रॉली जागेवर आली आणि काटा सरकला. सगळ्यांनी पाहिला. हात केल्यावर मामांनी ट्रॉली मागं घेतली आणि काटा मधोमध आला. अधिकारी म्हणाले, पुन्हा. पुन्हा ट्रॉली पुढं, पुन्हा काटा बाजूला. माझ्या अंगावर काटा उभा राहिला. मला नाचावंसं वाटत होतं. मी नाचले नाही, पण टाचा जमिनीवर टिकत नव्हत्या.

परत खोलीत आल्यावर कॅप्टननी घसा साफ केला. "ठीक आहे. कारण सापडलं. सिग्नल खरंच बिघडला होता, म्हणजे तुझा निर्णय बरोबर ठरला. मी तुला पास करतो."

शहाण्या मुलीनं इथं "थँक्यू सर" म्हणून पाय काढता घेतला असता. माझं तोंड उघडलं.

"नाही सर."

"काय नाही?"

"कारण सापडलं म्हणून मला पास करू नका. ट्रॉली सापडली नसती तरी मी बरोबरच होते. मामा फेटा न घालता आले असते, मला दिसले नसते, सिग्नल कशानं वाकला ते कुणालाच कधी कळलं नसतं, तरीही मी बरोबर होते. नियमात कारण शोधा असं लिहिलेलंच नाही सर. वाट चुकली की वर जा, एवढंच लिहिलंय. कारण सापडल्यावरच माणूस बरोबर ठरणार असेल, तर उद्या प्रत्येक जण कारण सापडेपर्यंत थांबेल. आणि खाली लोकांच्या गच्च्या आहेत. कपडे वाळत होते सर त्यांच्यावर. मी रंग सांगते तुम्हाला!"

माझा आवाज चढला होता. अधिकारी खिडकीतून बाहेर बघायला लागले. मला वाटलं, झालं, हातात आलेलं तोंडानं घालवलं. चुलत्यांना फोन करायचा तेवढा राहिला.

कॅप्टन खुर्चीवर बसले. एकाएकी ते दमलेले दिसले, आणि वयानं मोठे.

"मी तुला थांब म्हणालो," ते सावकाश म्हणाले. "तू थांबली असतीस, तर ऐकणारी मुलगी म्हणून मी तुला आज आनंदानं पास केलं असतं." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "जर खाली धड पोचलो असतो तर."

त्यांनी पेन काढलं, चार ओळी लिहिल्या, सही केली, आणि कागद माझ्याकडं सरकवला नाही. उठून उभे राहिले, दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. "मी 'थांब' म्हणालो होतो तेही मी लिहिलंय," ते म्हणाले. "मुंबईला कळलं पाहिजे."

मी बाहेर आले. मामा दाराशी उभे. गळा मोकळा, ओळखपत्र अधिकाऱ्यांकडं जमा झालेलं. त्या हंगामाचं गवत गेलं ते गेलंच. पुढं तिथं लाल झेंड्या रोवल्या गेल्या आणि त्यांच्या आत ट्रॉली न्यायची नाही असं गवतवाल्यांना पहिल्याच दिवशी बजावायला लागले. त्या दिवशी मात्र मामांनी गवताचा ग सुद्धा काढला नाही. नुसतं विचारलं, "पास का नापास?"

"पास, मामा."

मामांनी दोन बोटं तोंडात घातली आणि कुस्तीच्या फडात मारतात तशी शिट्टी मारली, अधिकाऱ्यांच्या दारात, सगळ्या विमानतळाला ऐकू जाईल अशी. ज्यांनी त्यांचा पास काढून घेतला होता ते अधिकारीसुद्धा हसायला लागले. आणि मी, नव्याकोऱ्या पट्ट्यांच्या गणवेशात, परतीची वाट बघणाऱ्या प्रवाशांच्या, कॅप्टनच्या आणि त्या सगळ्यांच्या समोर, मामांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले. मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.